ॲमहर्स्ट (मॅसॅच्युसेट्स) येथील नगरकारभार

ॲमहर्स्ट हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागातील, हॅम्पशायर परगण्यातील एक छोटे महाविद्यालयीन नगर आहे. २०२०च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३९,२६३ होती. यांतील बहुसंख्य रहिवासी विद्यार्थी आहेत. कायमस्वरूपी राहणारी कुटुंबे, निवृत्त लोक, शेतकरी आणि व्यापारी मिळून उरलेला भाग होतो. नगरातील फार मोठी जमीन शिक्षणसंस्थांच्या ताब्यात असून तिच्यावर मालमत्ता कर आकारला जात नाही. त्यामुळे येथील नगरकारभाराला तीन प्रश्नांना सतत तोंड द्यावे लागते : रहिवासी कोणाला म्हणायचे, खर्चाचा भार कोणी उचलायचा आणि निर्णय कोणी घ्यायचा. शाळेची इमारत, भाड्याची घरे, रात्रीचा गोंगाट, ग्रंथालयाचा विस्तार अशा वरवर किरकोळ वाटणाऱ्या विषयांवर येथे जे वाद झाले, त्यांच्या मुळाशी बहुधा हेच तीन प्रश्न आढळतात. या वादांतूनच २०१८ मध्ये नगराने ऐंशी वर्षे चालत आलेली प्रतिनिधिक नगरसभा विसर्जित करून तिच्या जागी नगर परिषद स्थापन केली.

नाव व पार्श्वभूमी

कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील हॅडली या जुन्या वसाहतीपासून वेगळे होऊन १७५९ मध्ये ॲमहर्स्ट हा स्वतंत्र प्रशासकीय विभाग झाला. त्या वेळच्या युद्धातील ब्रिटिश सेनापती जेफ्री ॲमहर्स्ट याचे नाव त्याला देण्यात आले. १८२३ ते १८२८ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला लॉर्ड ॲमहर्स्ट हा याच सेनापतीचा पुतण्या होय. स्थानिक लोक नगराच्या नावातील ‘ह’ उच्चारत नाहीत.

ॲमहर्स्ट कॉलेजची स्थापना १८२१ मध्ये झाली. कोशकार नोआ वेब्स्टर त्या काळी ॲमहर्स्टमध्ये राहत होता आणि कॉलेजच्या स्थापनेत त्याचा सहभाग होता. कवयित्री एमिली डिकिन्सन हिचे आजोबा सॅम्युएल फाउलर डिकिन्सन हेही संस्थापकांपैकी एक होते, तर तिचे वडील दीर्घकाळ कॉलेजचे कोषाध्यक्ष होते. आरंभी नगर आणि कॉलेज यांची सूत्रे बऱ्याच अंशी त्याच घराण्यांच्या हाती होती. १८६३ मध्ये राज्याचे कृषी महाविद्यालय येथे स्थापन झाले. १९४७ मध्ये त्याचे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ झाले. १९७० मध्ये हॅम्पशायर कॉलेजचे वर्ग सुरू झाले.

नगराचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते १९६० ते १९७० या दशकात. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी महाविद्यालयात जाण्याच्या वयाची झाली आणि राज्य विद्यापीठाचा झपाट्याने विस्तार झाला. १९६० मध्ये १३,७१८ असलेली नगराची लोकसंख्या १९७० मध्ये २६,३३१ झाली. विद्यापीठाच्या नैर्ऋत्य भागात बावीस मजली वसतिगृहे उभी राहिली. शेतीप्रधान नगराच्या क्षितिजावर ती आजही दुरून दिसतात.

नगरसभेची परंपरा

न्यू इंग्लंड प्रदेशात सतराव्या शतकापासून ‘टाउन मीटिंग’ म्हणजे नगरसभेची पद्धत रूढ आहे. खुल्या नगरसभेत गावातील कोणताही नोंदणीकृत मतदार उपस्थित राहून अंदाजपत्रक, कर आणि उपविधी यांवर थेट मतदान करू शकतो. महाराष्ट्रातील ग्रामसभेशी या पद्धतीचे साम्य आहे. परंतु न्यू इंग्लंडमध्ये नगरसभा हेच गावाचे विधिमंडळ असते, हा महत्त्वाचा फरक आहे. तिने मंजुरी दिल्याशिवाय गावाला पैसा खर्च करता येत नाही. दोन नगरसभांच्या दरम्यानचा दैनंदिन कारभार ‘सिलेक्ट बोर्ड’ नावाचे छोटे निर्वाचित मंडळ पाहते.

लोकसंख्या वाढली की सर्व मतदारांना एका सभागृहात बसवणे अशक्य होते. यावर तोडगा म्हणून बोस्टनशेजारच्या ब्रुकलाइन नगराने १९१५ मध्ये प्रतिनिधिक नगरसभा स्वीकारली. तीत प्रत्येक प्रभागातून ठरावीक सभासद निवडले जातात आणि फक्त त्यांनाच मताधिकार असतो. ॲमहर्स्टने ही पद्धत १९३८ मध्ये स्वीकारली. अलीकडच्या काळात येथे दहा प्रभागांतून प्रत्येकी चोवीस, असे २४० निर्वाचित सभासद होते. त्यांखेरीज काही पदसिद्ध सभासद असत.

या सभेच्या बाजूने आणि विरुद्ध दीर्घकाळ वाद चालला. समर्थकांच्या मते, एवढ्या मोठ्या संख्येने सामान्य नागरिक अंदाजपत्रकाचा प्रत्येक भाग तपासतात, त्यामुळे बांधकाम व्यावसायिक किंवा विद्यापीठ यांना मूठभर लोकांवर दबाव आणून काम साधता येत नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, सभा रात्रीमागून रात्री चालते, त्यामुळे लहान मुलांचे पालक, पाळीत काम करणारे आणि विद्यार्थी तिच्यापासून दूरच राहतात. अनेक प्रभागांत जागांइतकेच किंवा त्याहून कमी उमेदवार उभे राहत, म्हणून प्रतिनिधित्व नावापुरतेच उरते, असाही आक्षेप होता. २००३ आणि २००५ मध्ये नवी सनद स्वीकारण्याचे प्रस्ताव मतदानाला आले. दोन्ही वेळा ते थोडक्यात फेटाळले गेले.

शाळेच्या इमारतीचा वाद

नगरसभेचे भवितव्य ठरवण्यात एका शाळेच्या इमारतीचा मोठा वाटा होता. फोर्ट रिव्हर आणि वाइल्डवुड या दोन प्राथमिक शाळांच्या इमारती १९७०च्या दशकातील आहेत. त्या वेळच्या ‘खुल्या वर्गा’च्या कल्पनेनुसार वर्गांमधील भिंती छतापर्यंत नेलेल्या नव्हत्या. शेजारच्या वर्गातील आवाज ऐकू येणे आणि पुरेसा नैसर्गिक प्रकाश नसणे अशा तक्रारी पालक व शिक्षक वर्षानुवर्षे करत होते.

दोन्ही शाळांच्या जागी नवी वास्तू बांधण्याची योजना तयार झाली आणि राज्याच्या शाळा बांधकाम प्राधिकरणाने खर्चाचा मोठा भाग देऊ केला. मात्र या योजनेत इयत्तांची फेरमांडणी होती. लहान मुलांची शाळा वेगळी आणि दुसरीपासून सहावीपर्यंतची मुले एका मोठ्या संकुलात, अशी ती रचना होती. आपल्या वस्तीजवळची छोटी शाळा जाईल, या भीतीने अनेक पालकांनी तिला विरोध केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी कराच्या मर्यादेबाहेर कर्ज काढण्यास निसटत्या बहुमताने संमती दिली. तथापि, राज्याच्या कायद्यानुसार कर्ज उभारण्यासाठी विधिमंडळाचे, म्हणजे येथे नगरसभेचे, दोन तृतीयांश बहुमत लागते. ते मिळाले नाही. जानेवारी २०१७ मध्ये विशेष सभेतही तेवढे बहुमत जमले नाही आणि नंतरच्या सार्वमतानेही हा अडसर दूर झाला नाही. राज्याचे अनुदान हातचे गेले.

शाळेच्या बाजूचे नागरिक म्हणू लागले की, मतदारांचा कौल मोजक्या सभासदांनी अडवला. विरोधकांच्या मते मात्र दोन तृतीयांशाची अट असते ती अशाच वेळी घाई होऊ नये म्हणून, आणि सभेने आपले काम केले. एकाच घटनेचे हे दोन अर्थ पुढील सनदेच्या मतदानात आमनेसामने आले.

२०१८ची सनद

मार्च २०१६ मध्ये निवडून आलेल्या नऊ सदस्यांच्या सनद आयोगाने नव्या रचनेचा मसुदा तयार केला. २७ मार्च २०१८ रोजी मतदारांनी तो स्पष्ट बहुमताने मंजूर केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि डिसेंबरमध्ये परिषद अधिकारारूढ झाली.

नव्या रचनेची ठळक वैशिष्ट्ये अशी :

१. तेरा सदस्यांची नगर परिषद. पाच विभागांतून प्रत्येकी दोन आणि संपूर्ण नगरातून तीन सदस्य निवडले जातात.
२. महापौर नाही. परिषद आपल्यातूनच अध्यक्ष निवडते. प्रशासन नियुक्त नगर व्यवस्थापक चालवतो. अंदाजपत्रक तो मांडतो आणि परिषद मंजूर करते.
३. शाळा समिती, ग्रंथालय विश्वस्त आदी काही मंडळे स्वतंत्रपणे निवडली जातात.
४. स्थानिक निवडणूक वसंत ऋतूऐवजी नोव्हेंबरमध्ये घेतली जाते.
५. परिषदेच्या काही निर्णयांविरुद्ध ठरावीक संख्येने सह्या गोळा करून मतदार सार्वमताची मागणी करू शकतात.

कायद्याच्या दृष्टीने ॲमहर्स्टचा कारभार आता शहराच्या पद्धतीचा आहे. परंतु रहिवाशांनी ‘टाउन’ हे नाव सोडलेले नाही.

करमुक्त जमीन आणि नगराचे उत्पन्न

मॅसॅच्युसेट्समधील नगरांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर हा आहे. १९८० मध्ये राज्यातील मतदारांनी संमत केलेल्या ‘अडीच टक्के’ कायद्यानुसार एकूण कर आकारणी दर वर्षी अडीच टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. नवीन बांधकामातून मिळणारा कर तेवढा यापासून वेगळा धरला जातो. यापेक्षा अधिक रक्कम हवी असल्यास मतदारांची स्पष्ट संमती घ्यावी लागते. पगार, विमा आणि इंधन यांचा खर्च मात्र या मर्यादेचा मान राखत नाही.

शैक्षणिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेला राज्याच्या कायद्याने करातून सूट आहे, आणि राज्य विद्यापीठ तर सरकारी मालकीचेच आहे. सरकारी जमिनीच्या मोबदल्यात राज्य नगराला काही रक्कम देते. परंतु ती केवळ जमिनीच्या मूल्यावर आधारित असते. त्या जमिनीवरील प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि क्रीडागृहे तिच्या हिशेबात येत नाहीत. परिणामी, कराचा बराचसा भार राहत्या घरांवर पडतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरमालकांची ही सर्वांत मोठी चिंता आहे.

दुसऱ्या बाजूने पाहता, विद्यापीठ हेच नगरातील सर्वांत मोठे रोजगारकेंद्र आहे. दुकाने, खाणावळी आणि भाड्याची घरे तेथील विद्यार्थ्यांवर चालतात. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस दल आहे. परिसरातील सार्वजनिक बससेवेच्या अनेक फेऱ्या विद्यापीठाचा परिवहन विभाग चालवतो. त्या बसगाड्यांवर विद्यार्थीच चालक म्हणून काम करतात. अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवा मात्र नगराची आहे. विद्यापीठाच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांची मुले नगराच्या शाळांत शिकतात. या सेवांच्या मोबदल्याबाबत नगर आणि विद्यापीठ यांच्यात वेळोवेळी करार होतात. रक्कम पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक कराराच्या वेळी नव्याने उपस्थित होतो.

भाड्याची घरे आणि शेजार

विद्यापीठाच्या वसतिगृहांत चौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी राहतात. उरलेले हजारो विद्यार्थी ॲमहर्स्ट आणि आसपासच्या गावांत भाड्याने घरे घेतात. एखाद्या घरात चार विद्यार्थी प्रत्येकी स्वतंत्र भाडे देतात, तेव्हा होणारी एकूण रक्कम एका कुटुंबाला परवडणाऱ्या भाड्याहून बरीच जास्त असते. त्यामुळे विक्रीला आलेले घर कुटुंबाऐवजी गुंतवणूकदार विकत घेतो. हळूहळू एखाद्या गल्लीतील बहुतेक घरे भाड्याची होतात. मुले कमी झाली की शाळेचा पट घटतो, आणि नगराचे शिक्षक, परिचारिका, अग्निशामक यांनाच नगरात घर परवडत नाही.

नगराच्या भूवापर नियमांनुसार परस्परांशी नाते नसलेल्या चारांहून अधिक व्यक्तींना एका घरात राहता येत नाही. अशा नियमांना आधार देणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला. न्यूयॉर्क राज्यातील बेल टेअर या खेड्यात स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी एक घर भाड्याने घेतले होते. खेड्याचा नियम असंबंधित दोन व्यक्तींपुरतीच परवानगी देणारा होता. शांत कौटुंबिक वस्ती जपणे हा नगररचनेचा रास्त हेतू आहे, असे सांगून न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी भिन्नमत नोंदवले : कोणाबरोबर राहावे हा व्यक्तीचा खासगी निर्णय आहे, गर्दी टाळायची तर सर्वांनाच लागू होणारी संख्येची मर्यादा घालावी, असा त्यांच्या मताचा आशय होता.

व्यवहारात अशी मर्यादा पाळली जाते की नाही, हे तपासणे कठीण असते. म्हणून ॲमहर्स्टच्या नगरसभेने २०१३ मध्ये भाड्याच्या घरांसाठी वार्षिक परवाना सक्तीचा करणारा उपविधी संमत केला. वाहनतळ, सुरक्षितता आणि राहणाऱ्यांची संख्या यांची जबाबदारी त्यामुळे घरमालकावर आली. वारंवार गोंगाट आणि उपद्रव होणाऱ्या घरांसाठी वेगळा उपविधी आहे. राज्याच्या कायद्याने अशा दंडाची कमाल मर्यादा प्रत्येक उल्लंघनामागे ३०० डॉलर ठेवली आहे.

८ मार्च २०१४ रोजी सेंट पॅट्रिक दिनापूर्वीच्या एका अनौपचारिक जल्लोषात हजारो तरुण रस्त्यावर आले. पोलिसांवर बाटल्या फेकण्यात आल्या आणि पन्नासहून अधिक जणांना अटक झाली. या घटनेनंतर विद्यापीठाने बोस्टनच्या माजी पोलीस आयुक्तांकडून चौकशी करवून घेतली. त्यांच्या अहवालात विद्यापीठ, नगर आणि घरमालक यांच्यातील समन्वय वाढवण्यावर भर होता, तसेच पोलिसांच्या काही उपायांवर टीकाही होती.

घरांची टंचाई नवीन बांधकामाने कमी होईल, या अपेक्षेने नगराच्या मध्यभागी पाच मजली भाड्याच्या इमारती बांधण्यास परवानगी मिळाली. त्यांतून कर मिळतो आणि विद्यार्थी जुन्या गल्ल्यांऐवजी तेथे राहतात, असे समर्थक सांगतात. त्यांची उंची, वाहनतळांची कमतरता आणि भाड्याचे चढे दर यांबद्दल रहिवाशांची नाराजी कायम आहे.

विद्यार्थी हे रहिवासी आहेत का?

जनगणनेच्या दृष्टीने याचे उत्तर स्पष्ट आहे. १९५० पासून अमेरिकेच्या जनगणनेत विद्यार्थ्याची नोंद तो शिक्षणासाठी जेथे राहतो तेथेच केली जाते. २०२० मध्ये महामारीमुळे जनगणनेच्या दिवसापूर्वीच वसतिगृहे रिकामी झाली होती; तरीही त्यांची गणना महाविद्यालयाच्या पत्त्यावर करावी, असा आदेश होता. ही संख्या महत्त्वाची असते, कारण सरकारी निधी आणि मतदारसंघांची आखणी तिच्यावर अवलंबून असते.

मताधिकाराचा इतिहास अधिक संघर्षाचा आहे. १९७१ मधील सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय अठरा झाले. त्यानंतर अनेक महाविद्यालयीन नगरांत विद्यार्थ्यांच्या नोंदणीला विरोध झाला. टेक्सासमधील वॉलर परगण्यात प्रेअरी व्ह्यू येथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नोंदणीसाठी वेगळी प्रश्नावली भरावी लागत असे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अवैध ठरवणारा खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम केला. ॲमहर्स्टमध्येही आपले वास्तव्य येथेच आहे असे मानणारा विद्यार्थी मतदार होऊ शकतो.

अधिकार असला तरी त्याचा वापर कमी होतो. चार वर्षांत निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेच्या कर्जाची किंवा गटारयोजनेची ओढ नसते. विभागांची आखणी लोकसंख्येवर होत असल्यामुळे वसतिगृहे असलेल्या विभागात माणसे पुष्कळ पण प्रत्यक्ष मतदान करणारे थोडे, अशी स्थिती निर्माण होते. तेथील थोड्या कायम रहिवाशांच्या मतांना त्यामुळे अधिक वजन येते. उलट, विद्यार्थी नसलेले आणि नगरात वर्षानुवर्षे राहून कर भरणारे परदेशी नागरिक मतदान करू शकत नाहीत. त्यांना स्थानिक निवडणुकीत मत देता यावे, असे ठराव नगरसभेने एकाहून अधिक वेळा केले. राज्याच्या विधिमंडळाने मात्र ते कायद्यात उतरवले नाहीत.

बैठका आणि नागरिकांचे म्हणणे

राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार परिषद आणि तिच्या समित्यांना बैठकीची सूचना व विषयपत्रिका किमान ४८ तास आधी प्रसिद्ध करावी लागते. शनिवार, रविवार आणि सुट्टीचे दिवस यांत धरले जात नाहीत. बहुसंख्य सदस्यांनी बैठकीबाहेर, अगदी ईमेलद्वारेही, एखाद्या विषयाची चर्चा करणे नियमबाह्य आहे. इतिवृत्त ठेवणे बंधनकारक आहे.

नागरिकांना बोलण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळात सदस्यांनी उत्तर द्यावे असे बंधन नसते. त्यामुळे आपले ऐकले गेले नाही, अशी भावना अनेकदा उरते. या संदर्भात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये साउथबरो नगराविषयी दिलेला निकाल सर्व नगरांना लागू होतो. नागरिकांनी आदरपूर्वक आणि सौजन्यानेच बोलावे, अशी सक्ती राज्याच्या घटनेतील गाऱ्हाणी मांडण्याच्या हक्काशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले. बोलण्याची वेळ आणि कालमर्यादा परिषद ठरवू शकते. कडवट टीका मात्र थांबवू शकत नाही.

नव्या रचनेची वाटचाल

एप्रिल २०२१ मध्ये परिषदेने जोन्स ग्रंथालयाच्या विस्ताराला मंजुरी दिली. खर्च झेपणार नाही असे मानणाऱ्या नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमताची मागणी केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी परिषदेचा निर्णय कायम ठेवला. शाळेचा प्रश्नही याच पद्धतीने सुटला. फोर्ट रिव्हरच्या जागेवर एकच नवी प्राथमिक शाळा बांधण्याच्या कर्जाला मे २०२३ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने संमती दिली. या वेळी इयत्तांची फेरमांडणी करून लहान मुलांना वेगळे काढण्याची कल्पना योजनेत नव्हती.

निर्णय लवकर होतात, जबाबदार कोण हे मतदाराला कळते आणि पुढील निवडणुकीत जाब विचारता येतो, हे नव्या पद्धतीचे लाभ समजले जातात. सुमारे अडीचशे नागरिकांचा थेट सहभाग तेरा सदस्यांपुरता आकसला आणि सदस्यांवर कामाचा मोठा भार पडला, हे तिचे तोटे मानले जातात. करमुक्त जमीन, घरांची टंचाई आणि दर वर्षी बदलणारी लोकसंख्या हे प्रश्न मात्र रचना बदलल्याने सुटलेले नाहीत. त्यांच्या उत्तराचा मोठा भाग राज्य सरकारच्या आणि विद्यापीठाच्या हाती आहे. त्यांच्याशी वाटाघाटी करताना नगराच्या वतीने कोणी बोलायचे आणि त्या बोलण्यामागे किती रहिवाशांची संमती असावी, याचा निर्णय तेवढा नगराच्या हातात राहतो.